निस्तरायचं कोणी?

लातूरच्या एका प्रयोगशाळेत एक विद्यार्थी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला मातीतली ओल मोजणारा सेन्सर जोडत होता. ड्रायव्हर त्याने स्वतः लिहिलेला. पहिल्या खेपेला एक वायर सैल होती. ड्रायव्हरने सेन्सरला ओळख विचारली, उत्तर आलं नाही, काम तिथेच थांबलं. वायर नीट खोचून त्याने ड्रायव्हर उतरवला, पुन्हा चढवला, तर पडद्यावर ‘बिझी’.

“सर, दुसरं कोणीच वापरत नाही, मग बिझी कसं?”

वाट अडवून बसलेला त्याचाच ड्रायव्हर होता. ओळख विचारण्याआधी त्याने इंटरप्टची लाइन, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला हाक मारण्याची वाट, मागून घेतली होती आणि काम फसल्यावर ती परत केलीच नव्हती. मधल्या वेळात एखादा इंटरप्ट आला असता, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, उतरवून टाकलेल्या कोडकडे धावला असता आणि सगळं यंत्र कोसळलं असतं.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि उपकरण यांच्यातला दुभाष्या. उपकरण सापडलं की लिनक्सचा कर्नल ड्रायव्हरच्या ‘प्रोब’ या फंक्शनला हाक मारतो. प्रोब एकेक गोष्ट मागून घेतो: थोडी मेमरी, क्लॉक, इंटरप्टची लाइन, शेवटी नोंदणी. चौथी पायरी फसली तर आधीच्या तिन्ही परत करायच्या, त्याही उलट्या क्रमाने. इंटरप्ट चालू असतानाच मेमरी सोडली, तर तेवढ्यात आलेला इंटरप्ट परक्याच्या झालेल्या जागेत हात घालतो. आणि प्रोबने अपयश कळवलं की कर्नल त्या ड्रायव्हरच्या ‘रिमूव्ह’ला बोलावत नाही. रिमूव्ह हे थाटलेला संसार आवरण्यासाठी असतं. लग्नच मोडलं तर आणलेलं सामान प्रोबनेच माघारी पोचवायचं.

फसलेलं काम अर्धवट ठेवायचं नाही, हा नियम आपल्याकडच्या विहिरीवरचा स्टार्टर पाळतो. तीनपैकी एक फेज गेला की सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटरचा पुरवठाच तोडतो. उरलेल्या दोन फेजवर मोटर घुमत राहिली तर वाइंडिंग जळतं. वीज पूर्ण गेली की नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि स्टार्टर बंदवर येतो. वीज आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. (रात्री-अपरात्रीच्या विजेपायी लोक ‘ऑटो’ बसवून घेतात, तेव्हा ही सोय निघून जाते. मोटरीत हात घालून बसलेल्या माणसाच्या जिवावर ते बेतू शकतं.) अर्धवट सुरू झालेलं काम न झालेल्या कामापेक्षा वाईट, हे नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र सगळं सुरळीत झालं तर काय, हेच आम्ही आधी शिकवतो आणि फसण्याची वाट शेवटच्या तासावर टाकतो. ही आमची मोठी चूक आहे, कारण लिनक्समध्ये प्रोब फसणं हा रोजचा व्यवहार आहे. ज्या दुसऱ्या उपकरणावर आपण अवलंबून, ते अजून तयार नसेल, तर प्रोबने ‘आत्ता नको, नंतर या’ असं कळवायचं, ही सोय २०१२ मध्ये आली. कर्नल मग पुन्हा पुन्हा विचारतो. दर खेपेला थोडी मेमरी मागे राहिली, तर गळती साचत जाते.

काय परत करायचं, हा प्रश्न सोपा. अवघड आहे ते कोणी करायचं, हे. इंटरप्टची मागणीच फेटाळली गेली असेल तर ती सोडायची नसते. मिळालंच नाही ते परत करायला गेलात तर कर्नल तंबी देतो. उलट ‘डिव्हाइस रजिस्टर’ हे नोंदणीचं फंक्शन फसलं तरी ‘पुट डिव्हाइस’ करावंच लागतं, कारण त्या फंक्शनने आत वापराची मोजणी सुरू केलेली असते. मेमरी थेट सोडू नका, असं त्या फंक्शनच्या टिपणात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही अनुभवी माणसं इथे चुकत आली आहेत.

कोणी करायचं, हा प्रश्न कर्नलबाहेरही येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुतल्या होत्या. धुणं कोणाच्या वाट्याचं, हे पाणी भरण्याआधी ठरावं लागतं. कर्नलमध्येही ‘केमॅलॉक’ने दिलेल्या मेमरीत आधीच्या वापराच्या खुणा असू शकतात, त्या घेणाऱ्याने पुसायच्या, ‘केझॅलॉक’ पुसून देतो.

२००७ मध्ये तेजुन हिओ यांनी लिनक्समध्ये ‘डेव्हरेस’ आणलं. घेतलेल्या वस्तूंची यादी कर्नलच ठेवतो आणि काम फसलं किंवा ड्रायव्हर उतरवला की उलट्या क्रमाने सोडतो. फार मोलाची सोय, पण निम्मं कर्नलवर आणि निम्मं स्वतःच्या हाती ठेवलं की घात होतो. रिमूव्हमध्ये तुम्ही मेमरी हाताने सोडता आणि कर्नलच्या यादीतला इंटरप्ट त्यानंतर सुटतो. मधल्या क्षणी तो जिवंत असतो.

मी त्या मुलाला ‘डेव्हरेस’ लगेच वापरू दिलं नाही. आधी उलट्या क्रमाची शिडी हाताने लिहायला लावली. मग त्याने वायर मुद्दाम उपटली, ड्रायव्हर दहा वेळा चढवला, दहा वेळा उतरवला. अकराव्या वेळी वायर खोचली आणि कुंडीतल्या मातीची ओल पडद्यावर आली.