दिवाळीच्या डब्यात बिब्ब्याचे सोयरे

दिवाळी आठवड्यावर आली की सुक्या मेव्याचे डबे फिरायला लागतात. मखमली अस्तर, वर पारदर्शक झाकण, आत चार खाने: काजू, बदाम, पिस्ते, बेदाणे. कंपनी जरा ऐपतदार असेल तर अंजीर आणि अक्रोड धरून सहा. डबा व्हेंडरकडून साहेबांकडे, साहेबांकडून व्याह्यांकडे, तिथून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असा हिंडतो, आणि कधीकधी भाऊबिजेपर्यंत मूळ मालकाच्या घरी परतही येतो. या सगळ्या देवघेवीत त्याच्याकडे धड कुणी बघत नाही.

बघायला हवं, कारण त्यातले काजू-बदाम-पिस्ते झाडाने आपल्यासाठी केलेले नाहीत. बी म्हणजे झाडाने लेकराला बांधून दिलेली शिदोरी. तेल, प्रथिनं, सगळं रोपट्याला मुळं फुटेपर्यंत पुरावं एवढं. ती वाटेत कुणी फस्त करू नये म्हणून झाडाने कुठे दगडी कवच घातलं, कुठे विष कालवलं. हे सगळे पहारे माणसाने कसे चुकवले, याचा इतिहास त्या खान्यांत मांडून ठेवलेला असतो.

सगळ्यात खुनशी पहारा काजूचा. शेंगदाणे टरफलासकट मिळतात, अक्रोड मिळतात, पिस्ते तर टरफलासकटच घेतो आपण. काजू कधी टरफलासकट विकायला ठेवलेला पाहिलाय? ज्यांचं आजोळ कोकणात आहे त्यांना कारण ठाऊक असतं. चैत्राच्या आगेमागे ओल्या काजूगरांच्या उसळीसाठी बिया सोलायला बसलं की चीक हाताला लागतो आणि कातडी सोलवटून निघते. काजूच्या टरफलात दोन थर असतात. त्यांच्या मधल्या जाळीदार पोकळीत दाट, तपकिरी तेल भरलेलं असतं. त्यातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल त्वचेला भाजून काढतात. वर दिसणारं लाल-पिवळं बोंड हे झाडाचं खरं फळ नव्हेच, तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी ती करडी बी. बोंड खा, बी सोड, असा झाडाचा प्राण्यांशी सरळ करार. आपण तो मोडला. बी तर फोडलीच, बोंडंही तुडवून रस काढला, आंबवला आणि गोव्यात त्याची फेणी केली. झाड मुळात ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते इकडे आणलं. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीच्या डब्याशेजारी तिची बाटली ठेवायला कुणाची हरकत नसेल तर काजूचं अख्खं कुटुंब एका टेबलावर येतं.

वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या छोट्या काजू कारखान्यात डोकावलं तर या पहाऱ्याशी चाललेली झटापट जवळून दिसते. बिया आधी वाफेवर शिजवतात आणि पसरून निववतात. मग कटरवर बाया बसतात. एका हाताने बी दोन पात्यांच्या मध्ये बरोबर बाकात धरायची, पात्यांचा दाब बसून टरफल तडकलं की टोकदार सळईने गर उचलून काढायचा. दाब जरा जास्त झाला की गराचे दोन तुकडे, म्हणजे पाकळी. हाताला तेल चोपडलेलं असतं, तरी बोटांची टोकं काळी पडलेली दिसतात. पुढे गर भट्टीत सुकवायचा, तांबूस साल काढायची आणि आकाराप्रमाणे निवडायचा. पाकिटावरच्या डब्ल्यू-320 किंवा डब्ल्यू-180 या आकड्यांचं गूढ एवढंच, की अख्खे पांढरे दाणे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, साधारण तितके बसतात. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि खिसा हलका. चवीत मात्र पाकळी अख्ख्या काजूइतकीच सरस. मिरवायचं नसेल, कतली किंवा रस्सा करायचा असेल, तर पाकळीच घ्यावी. अख्ख्या काजूचे जादा पैसे आपण त्याच्या शाबूत असण्याचे मोजतो. टरफलातलं तेलही वाया जात नाही. ते रंगांत जातं आणि वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरांतही.

आता खरी गंमत. हे जळजळीत तेल ओळखीचं वाटत असेल तर त्याला कारण आहे. आंब्याचा चीक लागून मुलांचे ओठ उठतात. बिब्ब्याच्या तेलाने तर फोडच येतात, आणि पूर्वी धोबी त्याच तेलाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे. काजू, आंबा आणि बिब्बा, तिघंही एकाच कुळातली झाडं. आणि त्याच कुळात पिस्ता बसतो. श्रीखंडावर भुरभुरतो ती चारोळीही तिथलीच! म्हणजे वास्तुशांतीपासून दृष्ट काढण्यापर्यंत जे नाव आपण जपून घेतो, त्याचे सख्खे चुलत भाऊ आपण मखमलीत घालून भेट देतो.

बिब्बा तर काजूची हुबेहूब नक्कल. वर नारिंगी गोड बोंड, खाली काळी कुळकुळीत बी. ती काळजीपूर्वक फोडली की आत पांढरी गोडंबी निघते. विदर्भ-मराठवाड्यात बाळंतिणीच्या लाडवांत ती आजही पडते. इराणी पिस्त्यासाठी किलोमागे वाट्टेल ते मोजणाऱ्यांना आपल्या रानातली गोडंबी माहीतही नसते, हे मला पटत नाही.

पिस्त्याने विषाचा नाद सोडून कवचावर भिस्त ठेवली. पण ते कवच आपणहून उघडतं, आणि हे उघडणं चमत्कारिक आहे. वसंतात फुलं येतात. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि मधमाशी नाही, पराग नेण्याचं काम वाऱ्याचं. मग आधी कवच वाढतं. आत जवळजवळ काही नसताना ते पूर्ण मोठं होतं, उन्हाळ्यात टणक होतं, आणि त्यानंतर गर भरायला लागतो. भरता भरता जागा संपते, आणि गर आतूनच कवचाचा सांधा उचकटतो. पिस्त्याचं ते हसू कुणी यंत्राने पाडलेलं नसतं. मिटलेला पिस्ता मिळाला तर दातांवर प्रयोग करू नये. आतला गर अर्धवट वाढलेला असण्याचा किंवा कवच निव्वळ रिकामं असण्याचा संभव मोठा.

एकेकाळी पिस्ता म्हणजे इराणच. 1929 मध्ये विल्यम व्हाइटहाउस नावाचा अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ तिकडे गेला आणि एकेक दाणा निवडत सुमारे 9 किलो बियाणं घेऊन परतला. त्यातल्या एका रोपातून ‘केरमान’ ही जात निघाली आणि कॅलिफोर्नियाचा पिस्ता-उद्योग तिच्यावर उभा राहिला. एका माणसाच्या सामानातून एका देशाची शेती बदलली! घेताना गर हिरवा बघून घ्यावा. तो रंग हरितद्रव्याचा असतो. पिवळट, सुरकुतलेला गर म्हणजे जुना किंवा फार भाजलेला माल.

बदामाची गोष्ट मात्र थेट सायनाइडची. रानटी बदाम कडू असतो. त्यात अ‍ॅमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. बी चावली गेली की पेशी फुटतात, एक विकर त्या द्रव्याला भेटतं आणि हायड्रोजन सायनाइड मोकळा होतो. पन्नासेक कडू बदाम मोठ्या माणसाचाही जीव घेऊ शकतात. मग बदाम गोड झाला कसा? झाडाच्या एका जनुकातल्या छोट्याशा बदलाने. कडवटपणाचा कारखाना चालू करणारी कळच बिघडली, आणि कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी त्या बिघडलेल्या झाडाच्या बिया चाखून, न मरता, पुन्हा पेरल्या. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी तो बदल नेमका कुठे आहे हे दाखवलं. चाखणाऱ्याचं नाव अर्थातच कुठे नोंदलेलं नाही.

आणखी एक मौज: आइस्क्रीममधल्या ज्या वासाला आपण ‘बदामाचा’ म्हणतो, तो कडू बदामाचा. अ‍ॅमिग्डालिन फुटताना सायनाइडसोबत बेन्झाल्डिहाइडही सुटतं, त्याचा तो गंध. नाकाशी धरला तर गोड बदाम फार काही बोलत नाही. बियांपासून वाढवलेल्या झाडांत मात्र कडूपणा डोकं वर काढतो, म्हणून गुरबंदी बदामाच्या मुठीत एखादा कडूजार दाणा येतो. तो थुंकून टाकावा. ममरा बदाम वाकडातिकडा, खोलगट आणि तेलकट. कॅलिफोर्नियाचा चपटा, गुळगुळीत. त्या चपट्या बदामामागे दर फेब्रुवारीत एक स्थलांतर असतं. बागा फुलतात तेव्हा परागीभवनासाठी अमेरिकाभरातून ट्रक भरभरून मधमाश्यांच्या पेट्या कॅलिफोर्नियात आणतात, कारण तिथल्या मुख्य जातीला स्वतःचे पराग चालतच नाहीत.

बेदाण्याचा न्याय उलटा. द्राक्षाला वाटतं, आपल्याला खावं आणि बी लांब नेऊन टाकावी. आपण खाल्लं आणि बीच नाहीशी केली. थॉम्पसन सीडलेसमध्ये फलधारणा होते, बी धरायला सुरुवातही होते, पण ती लवकरच खुंटते. मऊ फळ तेवढं उरतं. अशा वेलाला वंश वाढवायला माणूसच लागतो, काडी लावणारा. आपल्याकडे तर ती डॉगरिज जातीच्या खुंटावर डोळा भरून लावतात. थॉम्पसनच्याच वेलांतून निवडलेल्या तास-ए-गणेश आणि सोनाका या जाती आपल्या शेतकऱ्यांनी दिल्या. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची.

सांगली जिल्ह्यातला तासगाव, कवठेमहांकाळ, जत हा दुष्काळी टापू. पण बेदाण्याला असलीच कोरडी हवा लागते. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. तो पाण्याला बाहेर पडू देत नाही, म्हणून नुसतं द्राक्ष सुकायला महिनाभर घेतं. शेतकरी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. मेणाच्या कणांची रचना विस्कटते, वाट मोकळी होते. मग शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर मणी पसरतात. ऊन लागू द्यायचं नाही, वारा मात्र आरपार. पंधरवड्यात काम होतं आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा हाती येतो. सावलीत झटपट सुकल्यामुळेच तो हिरवट राहतो. रेंगाळला की काळवंडतो. मार्चमधल्या एका अवकाळी सरीने शेडमधला माल डागाळतो आणि वर्षाचं गणित कोसळतं. साखर मात्र आपलं काम चोख करते. बुरशीने बस्तान बसवायचं म्हटलं तर लागणारं पाणी साखरेने आधीच धरून ठेवलेलं असतं. फार पिवळाधमक, चमकदार बेदाणा दिसला तर गंधकाची धुरी दिलेली आहे असं समजावं. दम्याच्या माणसाला तो देऊ नये.

अंजीर म्हणजे आतून फुललेला फुलोरा, त्यातला प्रत्येक कुरकुरीत कण वेगळ्या फुलाचा. अक्रोडाबद्दल एकच सांगतो: त्याचं तेल सगळ्यांत नाजूक, हवेशी लवकर बिघडणारं. वास घ्या. जुन्या तेलाचा किंवा रंगाचा दर्प आला तर परत करा. चांगला निघाला तर हवाबंद बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, दिवाणखान्यातल्या काचेच्या वाडग्यात नको.

डबा स्वतः भरायचा असेल तर माझी निवड सांगतो. वेंगुर्ल्याचे सालासकट भाजलेले काजू, सांगलीचा हिरवा बेदाणा, मूठभर चारोळी, आणि मिळाली तर खात्रीच्या दुकानातली सोललेली गोडंबी. पिस्ते खारवलेले नकोत, साधे. डबा द्यायच्या आधी एक चौकशी मात्र करावी. काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पिस्ताही सोसत नाही. कूळ एक, प्रथिनं मिळतीजुळती, त्यामुळे शरीर दोघांत भेद करत नाही. अशा घरी गोडंबी आणि चारोळीही नेऊ नये. तिथे बेदाण्याची मोठी पिशवी न्यावी.