४७५ : चार सिलिंडर आणि वऱ्हाडचे ऊन

जुन्या इंडिका डिझेलच्या इंजिनाचे नाव म्हणजे नुसता आकडा : ४७५. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर. महिंद्राच्या जीपमधल्या, इगतपुरीत तयार झालेल्या प्यूजो बनावटीच्या एक्सडीपी ४.९० चाही उलगडा तसाच : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर.

जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत इंडिका लोकांसमोर आली. बोलबाला झाला तो तिच्या इटलीत आखलेल्या देखणेपणाचा. माझ्या मते पुण्याच्या अभियंत्यांची मोठी कमाई म्हणजे तिचे १४०५ सीसीचे इंजिन. ट्रक बनवण्यात आयुष्य गेलेल्या कंपनीने छोट्या मोटारीचे डिझेल इंजिन उभे केले.

पण सिलिंडर चारच का? फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. चार असले की दर अर्ध्या फेरीला एक जण जोर लावतो, क्रम १-३-४-२. पहिला आणि चौथा पिस्टन वर असताना दुसरा-तिसरा खाली असतो, म्हणून धक्के एकमेकांना मारतात.

पूर्ण मात्र मारत नाहीत. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने क्रँक पाव फेरी फिरला की वरचे पिस्टन अर्ध्याहून जास्त खाली आलेले असतात आणि खालचे अर्ध्याहून कमी वर चढलेले. त्या क्षणी चौघांचाही भार मध्याच्या किंचित खाली असतो. असे प्रत्येक फेरीत दोनदा घडते. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १०० हिसके! मोठ्या इंजिनांत यावर लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याची युक्ती वापरतात : क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन तोल-दांडे. लहान इंजिनाचे रबरी माउंटिंगवर भागते.

वऱ्हाडात खरी कसोटी उष्णतेची. ४७५ मध्ये डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटते. त्यामुळे आवाज सौम्य होतो, पण कप्प्याच्या भिंतींतून जास्त उष्णता कूलंटमध्ये उतरते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ती बाहेर टाकताना रेडिएटरचा कस लागतो. त्यातच पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचे खारे पाणी रेडिएटरमध्ये गेले की धातू गंजतो, बारीक नळ्यांत थर साचतो, इंजिन तापते आणि हेड गॅसकेट उडते.

दर्यापूर-अकोट भागातल्या गाडीवाल्यांना म्हणूनच कळकळीने सांगणे आहे : रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घाला, आणि उन्हाळ्याआधी ते एकदा बदलून घ्या.