विष उतरतं, पण आठवण परतते का?

आषाढात लावणीची घाई असते आणि त्याच दिवसांत शहापूर-मुरबाडच्या गावांत ‘पान लागलं’ असा निरोप येतो. साप चावला असं मोठ्याने म्हणायचं नाही, हा जुना संकेत. पूर्वी माणूस आधी भगताकडे नेत, आता बहुतेक जण दवाखाना गाठतात. तिथे नर्स छोट्या बाटलीतल्या पांढरट भुकटीत पाणी सोडते आणि बाटली अलगद गोल फिरवते, खळाखळा हलवत नाही. त्या भुकटीत घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी असतात. ती प्रथिनं आहेत. फेस झाला तर त्यांची घडी बिघडते आणि औषध वाया जातं.

‘घडी’ हा शब्द लक्षात ठेवा. अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांचं मूळही प्रथिनांच्या बिघडलेल्या घडीत आहे, आणि अल्झायमरवरचं सध्याचं सर्वांत गाजणारं औषध पुन्हा प्रतिपिंडच आहे. ‘विसरण्यावर इंजेक्शन आलं’ ही बातमी मोबाइलवरून गावोगाव पोहोचली, आणि तिच्याबरोबर गैरसमजही.

गैरसमज १ : साठी बुद्धी नाठी. म्हातारपणी विसर पडायचाच.

वस्तुस्थिती : विळा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं असू शकतं. विळा हातात धरून ‘याचं काय करतात’ असा प्रश्न पडणं हा आजार आहे. देशव्यापी लासी-डॅड पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे 88 लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. शहरात हे प्रमाण 5.3 टक्के, तर खेड्यात 8.4 टक्के निघालं. ‘हे शहरी लोकांचं दुखणं’ ही समजूत इथेच मोडते. दुसरी बाजू अशी, की प्रत्येक विसर अल्झायमरचा नसतो. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, काही गोळ्यांचा परिणाम यांनीही बुद्धी मंदावते. ही कारणं वेळीच सापडली तर त्यांवर इलाज आहे.

गैरसमज २ : रोजच्या वाटेवर चुकला, म्हणजे चकवा लागला.

वस्तुस्थिती : जन्मभर ज्या बांधावरून गेला, त्याच बांधावर म्हातारा गोल गोल फिरत राहतो. पायांना वाट माहीत असते, पण दिशा सांगणारा मेंदूचा भाग झिजलेला असतो. अल्झायमरमध्ये हा भाग लवकर बाधित होतो. ‘घरात कुणीतरी बसलंय, लहान मुलं दिसतात’ असं सांगणाऱ्या आजीला बाधा झालेली नसते. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात असे भास नेहमीचे आहेत. अंगारा लावल्याने कुणाचं वाईट होत नाही, पण अंगाऱ्यात वर्ष गेलं तर मात्र होतं.

गैरसमज ३ : प्रतिपिंड ही परदेशातली नवीकोरी जादू आहे.

वस्तुस्थिती : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी सर्पदंशाची लस आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. परळच्या हाफकिनचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. आपण तिला लस म्हणतो, पण ती खरं तर तयार प्रतिपिंडं आहेत. लस शरीराला शिकवते, प्रतिपिंड स्वतः काम करतं. सर्पदंशाच्या आणि अल्झायमरच्या प्रतिपिंडांत फरक आहे तो लक्ष्यात. सापाचं विष रक्तात मोकळं फिरतं, तिथे त्याला गाठता येतं. अल्झायमरमध्ये अमिलॉइड-बीटा नावाचं प्रथिन चुकीची घडी घेतं, एकाला एक चिकटतं आणि मेंदूत त्याचे थर साचतात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो. रक्तात सोडलेल्या प्रतिपिंडांपैकी हजारातलं एखादंच मेंदूत शिरतं. आत गेलेलं प्रतिपिंड थराला चिकटून खूण करतं, मग मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी तो थर उचलतात.

गैरसमज ४ : इंजेक्शन घेतलं की आठवण परत येते.

वस्तुस्थिती : येत नाही. अमेरिकेत 2023 साली पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबची चाचणी 1,795 जणांवर झाली. 18 महिन्यांनी औषध घेणाऱ्यांची घसरण इतरांपेक्षा 27 टक्के मंद होती. हा आकडा मोठा वाटतो, पण 18 गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी, 0.45 इतकाच होता. उतारावरची गाडी थांबली नाही, जरा सावकाश उतरली. डोनानेमॅबला अमेरिकेत 2024 मध्ये आणि नंतर भारतातही परवानगी मिळाली, तिथेही गोष्ट याच जातीची आहे. औषध थर काढतं, मेलेल्या पेशी उठवत नाही. सर्पदंशातही असंच होतं. लस विष निष्प्रभ करते, पण घोणसीच्या दंशाने सडलेलं मांस परत भरून आणत नाही. म्हणून ही औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि तपासणीत अमिलॉइड सापडलेल्या रुग्णांसाठी आहेत. मुलांची नावं विसरलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी ती नाहीत.

गैरसमज ५ : मग पार्किन्सनलाही तेच लागू पडेल.

वस्तुस्थिती : पार्किन्सनमध्ये घडी बिघडते ती अल्फा-सिन्यूक्लीन या वेगळ्या प्रथिनाची. त्याच्यावरचं सिनपॅनेमॅब हे प्रतिपिंड चाचणीत निष्फळ ठरलं. अल्झायमरमधल्याच टाऊ प्रथिनावरची काही प्रतिपिंडंही पडली. अमिलॉइडवरच्या वाटेतही बापिन्यूझुमॅब, सोलानेझुमॅब, गँटेनेरुमॅब अशी अपयशांची रांग आहे. नागाच्या विषावरचं प्रतिपिंड घोणसीच्या विषावर चालेल असं कुणी म्हणत नाही. इथेही प्रथिन वेगळं, तर कुलूप वेगळं.

गैरसमज ६ : नुसतं सलाईन तर आहे, त्याने काय होणार?

वस्तुस्थिती : थर निघताना मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या गळू शकतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत आठांपैकी साधारण एकाच्या मेंदूत सूज दिसली, डोनानेमॅबच्या चाचणीत जवळपास चारांपैकी एकाच्या. बहुतेकांना काही जाणवलं नाही, पण काहींचा जीव गेला. ज्यांच्यात एपीओई-4 हे जनुक दोन्हीकडून आलेलं असतं त्यांना धोका जास्त. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना फारच जपून ठरवावं लागतं. म्हणून औषधाआधी आणि सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय लागतो. एक औषध दोन आठवड्यांनी, दुसरं चार आठवड्यांनी शिरेतून द्यायचं. डोळखांबहून आसनगाव गाठून लोकल धरायची, किंवा टोकावड्याहून एसटीने मुरबाड आणि पुढे कल्याण, तेही वाट विसरणाऱ्या माणसाला हाताशी धरून. औषधाच्या किमतीआधी हा हिशेब येतो. अमेरिकेत लेकॅनेमॅबची वर्षाची किंमत 26,500 डॉलर ठरली होती. हे सगळं झेपणारी घरं आपल्याकडे थोडीच आहेत.

गैरसमज ७ : एवढं महाग औषध परवडत नाही, म्हणजे हातात काहीच नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालाने 14 कारणं मोजली. ती जन्मभर आवरली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे 45 टक्के प्रकरणं टळू किंवा पुढे ढकलली जाऊ शकतात. त्यांत बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचं धूम्रपान, कमी शिक्षण, एकाकीपणा, चुलीच्या धुरासारखी दूषित हवा आणि मोतिबिंदूसारख्या कारणाने अधू झालेली आणि न सुधारलेली दृष्टी आहे. यांतल्या अनेकांचा इलाज प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात सुरू होऊ शकतो. बीपीची गोळी रोज घेणं आणि मोतिबिंदू वेळेत काढणं याच्या बातम्या होत नाहीत. घरी सांभाळताना जीव मेटाकुटीला आला तर ज्येष्ठांसाठी 14567 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी क्रमांक आहेत. सांभाळणाऱ्या सुनेनेही ते लावावेत. आजार एकाला होतो, दमतात दोघं.

पान लागलेला माणूस आला की डॉक्टर आधी विचारतात, ‘किती वाजता?’ उत्तर घड्याळातल्या मिनिटांत मिळतं, कारण वेळ गेली की विष पुढे जातं हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. विसरणाऱ्या आजीला नेलं की तेच विचारतात, ‘कधीपासून?’ मग सगळे एकमेकांकडे बघतात. ‘झाली असतील दोन-तीन वर्षं.’ या आजारात विष हळू चढतं म्हणून दिसत नाही, एवढंच. भिंतीवरच्या कालनिर्णयात आपण दुधाचा खाडा लिहितोच. त्याच चौकटीत एक ओळ आणखी लिहावी : ‘आज आईने चहात मीठ घातलं.’ तपासणीच्या दिवशी ते पान फाडून सोबत न्यावं.