करंजाड्यातले भूखंड आणि कर्तृत्वाचा हिशेब

करंजाडे-वडघर भागात नवी मुंबई विमानतळग्रस्तांची नवी घरे पाहून लोक दोन गोष्टी हमखास बोलतात. ‘यांना लॉटरी लागली’ आणि ‘ज्याने कष्ट केले तो वर आला’.

लॉटरीत तिकिटाखेरीज काही गमवावे लागत नाही. इथे सुमारे 1160 हेक्टरवरच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी दहा गावे उठली. शेतीवाडी गेली, देवळे गेली, शेजार विखुरला. बदल्यात मिळालेली, संपादित जमिनीच्या 22.5 टक्के विकसित जमीनही कुणी आपणहून दिली नव्हती. तिचा पाया असलेल्या, आधीच्या भूसंपादनातल्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेमागे जानेवारी 1984 चा जासई परिसरातला शेतकऱ्यांचा लढा आहे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. म्हणजे ज्याला आज आपण संधी म्हणतो, ती आधीच्या पिढीने रक्त सांडून मिळवली आहे.

कष्टांबद्दलचा समज अधिक चिवट आहे. खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवणारा, भरती-ओहोटी अंगात मुरलेला माणूस कमी कष्टाळू किंवा कमी हुशार नव्हता. उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, खाजणात भराव पडला, आणि त्याच्या कसबाला गिऱ्हाईक उरले नाही. एकाच बांधावर राबलेल्या दोघांचे पाहा. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, शेजारी राबणाऱ्या भूमिहीन मजुराला त्या हिशेबात जागाच नव्हती. घाम दोघांनीही गाळला होता. त्याचे मोल मात्र कागदाने ठरवले.

‘जागा बदलली की नशीब बदलते’ हेही सरसकट खरे नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात पाच शहरांतल्या गरीब कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत जाण्याची संधी दिली गेली. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची तरुणपणीची कमाई सुमारे 31 टक्क्यांनी वाढली. मोठ्या वयात हललेल्यांना तो लाभ झाला नाही. ती माणसे वेगळी, ते स्थलांतर ऐच्छिक, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही पुनर्वसन मोजताना भूखंडाच्या चौरस मीटरइतकीच एक नोंद महत्त्वाची आहे: घर हलले तेव्हा पोरगी कितवीत होती, आणि तिच्या बापाच्या हाताला नंतर कोणते काम मिळाले.