तगादा : दारातला आणि फोनवरचा

तगाद्याचे खरे भांडवल म्हणजे ऋणकोची लाज. पूर्वी सावकार दारात धरणे धरी. तो उपाशी, म्हणून घरातलेही उपाशी, आणि आळी बघत असे. 1860 च्या दंड संहितेत 508व्या कलमाखाली अशा धरण्याचेच उदाहरण दिले होते. आता धरणे फोनवर आले. (वसुलीवाला मात्र जेवून बसतो!) बघणारे हवेत, म्हणून नातेवाइकांनाही फोन जातात.

टेंभी नाक्यावर एका संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी एका रिक्षावाल्याने असा फोन स्पीकरवर टाकला. "साहेब, बायको माहेरी गेल्यापासून रोज आठवण काढणारे तुम्हीच!" टपरी हसली. पलीकडचा आवाज उतरला. बघणारे होतेच, पण ऋणकोच्या बाजूचे.

हसून हप्ता फिटत नाही, हे खरेच. पण रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणे, घरच्यांना वा मित्रांना छळणेही चालत नाही. रिक्षावाल्याला हे ठाऊक असावे. "साहेब, तुमच्या घड्याळात किती वाजले?" त्याने विचारले. पावणेआठ झाले होते.