गाय लाळ गाळतेय? तोंडात हात घालायच्या आधी हे वाचा



आज सोयाबीन-तुरीचं नाही, गोठ्यातलं सांगते. मी पिकांची डिप्लोमावाली, जनावरांची डॉक्टर नाही, पण फोन मलाच येतात. मागच्या पंधरवड्यात एका सभासदाचा आला. "मॅडम, गाय दोन दिवस झाले खाईना, लाळ गळतेय. घशात काहीतरी अडकलंय म्हणून हात घालून बघितला, काहीच सापडंना." डॉक्टरांनी येऊन पाहिलं तर संशय रेबीजचा. म्हणजे कुत्रं पिसाळतं तोच रोग. गाय गेली. हात घालणाऱ्या काकांना आणि गाईचं तोंड धरून उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला इंजेक्शनं सुरू करावी लागली.

गाईला रेबीज होतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाय, म्हैस, बैल, शेळी, मांजर, सगळ्यांना होतो. रात्री बाहेरचं कुत्रं गोठ्यात शिरलं की जनावर त्याला हुंगायला जातं आणि चावा नाकपुडीवर, ओठावर बसतो. खूण भरून येते, आपण विसरतो. रोग दिसतो त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी.

आणि दिसतो कसा? खाणं-पाणी बंद, दूध एकदम कमी. गिळता येत नाही म्हणून लाळेच्या तारा लोंबतात. सारखी हंबरते, आवाज घोगरा, बदललेला. मागचे पाय लटपटतात. शेण-लघवीसाठी सारखं कुंथते. काही गाई माजावर आल्यासारख्या वागतात, त्यामुळे घरचे भलत्याच कामाला लागतात. काही अंगावर धावून येतात, तर काही नुसत्या सुस्त उभ्या राहतात. म्हणून "गाय शांत आहे, म्हणजे तसलं काही नाही" असं धरू नका.

कांदा, बटाटा, कोय घशात खरंच अडकते हेही आहे. तेव्हा खाता खाता अचानक त्रास सुरू होतो आणि पोट फुगतं. लाळ-खुरकूतमध्येही लाळ गळते, पण तोंडात-खुरात फोड असतात. मात्र हे ओळखायचं काम तोंडात हात घालून करू नका. रेबीजचा विषाणू लाळेत असतो आणि आपल्या हाताला कापलेलं, खरचटलेलं, विळ्याचं काहीतरी असतंच. जनावर वेगळं बांधा, पोरांना लांब ठेवा आणि 1962 या टोल फ्री नंबरवर किंवा आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. बाटलीने औषध, तेल पाजायला जाऊ नका. गिळता येत नसतं, आणि तुमचा हात परत तोंडातच जातो.

लक्षणं दिसल्यावर जनावर वाचत नाही. माणूसही जवळपास कधीच वाचत नाही. पण चावल्यावर लगेच उपचार घेतले तर रोग अडवता येतो. सगळा खेळ त्या वेळेचा आहे.

घरात कुणाला कुत्रं-मांजर चावलं, ओरखडलं किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून 15. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीशिवाय जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, ते आहे का हे विचाराच. नसेल तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. कातडीत देतात ती लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. दोन डोस झाले, बरं वाटतंय म्हणून कापणीच्या घाईत पुढचे सोडू नका. कुत्रं घरचं असेल तर बांधून 10 दिवस नजर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवायची नाही.

पोरं चावलेलं लपवतात, कारण मार बसेल ही भीती. गल्लीतलं पिल्लू घरी आणलेलं असतं, ते खेळता खेळता दात लावतं. तेव्हा आधी रागावू नका, हात-पाय बघा.

जनावराला कुत्रं चावलेलं दिसलं तर तीच धुण्याची पद्धत, पण हातमोजे घालून. मग डॉक्टरांकडून 0, 3, 7, 14, 28 व्या दिवशी लस.

दुधाचं सगळेच विचारतात. उकळलेल्या दुधात विषाणू टिकत नाही, उगाच धास्ती नको. पण संशयित जनावराचं दूध संकलनाला घालू नका. कच्चं कुणी प्यायलं असेल तर डॉक्टरांना सांगा. असं जनावर मेलं तर कातडं काढू देऊ नका, डॉक्टरांना विचारून खोल पुरा.

आता घरच्या कुत्र्याचं. तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, मग दरवर्षी एक. गाईच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच दवाखान्यांत मोफत लसीकरण होतं. आपल्या गावातली यादी मी करतेय. घरी किती कुत्री-मांजरं आहेत आणि शेवटची लस कधी दिली, एवढं या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. टाइप होत नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल.