दुःखाला सवड

हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरी मृत्यू झाला, तर तो सुतक किती दिवस पाळतो? रूढी दहा दिवस सांगते; चूल तिसऱ्याच दिवशी हाक मारते. आपल्या धर्माबादच्या मिरची बाजारात हंगाम भरात असला म्हणजे पोत्यांना कोणाच्या घरचे सुतक ठाऊक नसते.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. विश्रांती कोणी दान दिली नाही, हे आम्ही जाणतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा 1890 साली रविवारची सुटी पदरात पडली. हमालांसाठी माथाडी कायदा झाला तो 1969 साली. परंतु सुटीने शरीर थांबते. मन थांबतेच असे नाही.

दाबलेले दुःख नाहीसे होत नाही. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, क्षुल्लक बोलण्यावर राग येतो, लक्ष ठरत नाही. पाठीवर पोते आणि पायाखाली ट्रकला लावलेली फळी असताना लक्ष ठरले नाही तर काय होते, हे हमालाला सांगावे लागत नाही.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट लातूर-उस्मानाबादकडील माणूस विसरणार नाही. गणपती विसर्जन करून निजलेली किल्लारी-सास्तूरकडची गावे घटकेत ढिगारा झाली. हजारो माणसे गेली. प्रेतांना सामुदायिक अग्नी द्यावा लागला. पुढे 52 गावे नव्या जागी उभी राहिली. घराच्या भिंती मोजता येतात, अनुदान मोजता येते; रडायचे राहून गेले ते कोणत्या पंचनाम्यात लिहिणार?

मग कामधाम सोडून रडत बसावे काय? तसे नव्हे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क स्खुट या नेदरलंडमधील संशोधकांनी 1999 साली मांडले की, शोकग्रस्त मन दोन टोकांत ये-जा करते: काही वेळ गेलेल्या माणसाकडे, काही वेळ चालू संसाराकडे. मागाचा धोटा दोन्हीकडे फिरला तरच कापड विणले जाते. काम हे औषध आहे. पण धोटा एकाच बाजूला अडकला तर सूत तुटते.

आमच्या आयाबहिणींना हे ठाऊक होते. पहाटे जात्यावर हात राबत आणि ओवीतून दुःख बोलत. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरणीने बाईचे कष्ट वाचविले. ते जाते परत यावे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याबरोबर दुःख बोलण्याची ती घटकाही गेली. ती आपण जाणून राखली पाहिजे.

ते अवघड नाही. सोबत्याच्या घरी मृत्यू झाला तर चार दिवस त्याचे काम टोळीने वाटून घ्यावे. संध्याकाळी ओट्यावर त्याच्याजवळ बसावे. 'झाले गेले विसर' हा उपदेश करू नये; गेलेल्याचे नाव घेऊन विचारपूस करावी. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरकडे न्यावे. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आहे.

पोते जड झाले तर हमाल शेजाऱ्याला 'हात लाव' म्हणतो, आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. मनाच्या ओझ्यालाही तीच रीत लागू करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.